कंट्रोलर बदलला की प्रेशर उसळतं. हा धक्का कमी कसा करायचा? (ठिबक, ड्राइव्ह, पीएलसी)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी जळगावला ऑटोमेशनची कामं करतो, घर रावेर तालुक्यात. घरच्याच केळीच्या मळ्यात एक प्रयोग मांडलाय आणि एका जागी अडलोय.

विहिरीवर साडेसात एचपीची मोटर, तिला ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र, वेग हर्ट्झमध्ये), वर छोटा पीएलसी (ड्राइव्हला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर). ठिबकचे तीन प्लॉट. फिल्टरच्या पुढे प्रेशर सेन्सर बसवलाय, तिथे दीड किलो (चौरस सेंटिमीटरला) कायम ठेवायचंय. कॉक मात्र हातानेच फिरवतो. त्यांची वायर पीएलसीपर्यंत ओढलेली नाही, कारण मळ्यातली वायर एका नांगरटीपुरतीच टिकते. म्हणजे किती प्लॉट चालू आहेत हे पीएलसीला कोणी सांगत नाही, त्याने प्रेशर बघून ओळखायचं.

एकच प्लॉट चालू असेल तर ३१ हर्ट्झला दीड किलो मिळतं, तिन्ही असतील तर ४४ लागतात. शिवाय एका प्लॉटवर १ हर्ट्झ वाढवला की ०.१ किलो चढतं, तिन्हीवर जेमतेम ०.०५. एका प्लॉटला जुळवलेलं पीआय (प्रेशरमधला फरक बघून वेग ठरवणारा हिशोब) सेटिंग तिन्हीवर रेंगाळतं, तिन्हीला जुळवलेलं एका प्लॉटवर डोलत राहतं. म्हणून पीएलसीत तीन मॉडेलं आणि तीन पीआय ब्लॉक लिहिले. तिन्ही मॉडेलं सतत अंदाज करतात की आता प्रेशर किती असायला हवं. ज्याचा अंदाज सगळ्यात कमी चुकतो, त्याचा पीआय ड्राइव्हला जोडायचा.

ओळखण्याचं काम चांगलं चालतं, तीन-चार सेकंदांत बरोबर मॉडेल निवडलं जातं. पण निवडल्यानंतरचा अर्धा मिनिट वाईट जातो. परवा संध्याकाळी वडिलांनी दोन कॉक बंद केले. पीएलसीने एक प्लॉटचा पीआय लगेच पकडला आणि त्याच क्षणी ड्राइव्ह ४४ वरून खाली यायच्या ऐवजी ४७ वर गेला! प्रेशर २.९ किलो. सबमेनवरच्या (प्लॉटला पाणी देणाऱ्या पाइपवरच्या) अकरा नळ्या ग्रोमेटमधून (नळी पाइपात घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यातून) निसटल्या. वडील टॉर्च घेऊन चिखलात एकेक नळी परत खोचत होते, ते बघवत नव्हतं.

निवड बरोबर असूनही असं का होतं? आणि बदलाच्या क्षणाचा धक्का कमी करायला काय करावं?

खान्देशी मानूस
भाऊ, मन्हा मयामा बी हाईच व्हस. कॉक बंद करा का नयी फटकन निंघी जास. मन्हाकडे तर पीएलसी बी नही. धागावर लक्ष ठेवस.

दीपनगर_रिटायर्ड
तापीकाठ, तुमचे तिन्ही पीआय ब्लॉक कायम चालू असतात का? म्हणजे जे जोडलेले नाहीत त्यांचं इंटिग्रल (प्रेशरमधला फरक वेळेबरोबर साठवत जाणारा पीआयचा भाग) मागे साचत राहतं का? ४७ चा आकडा तिथूनच आलेला दिसतो.

तापीकाठ
हो काका, तिन्ही चालूच असतात. फक्त आउटपुट एकाचं घेतो.

दीपनगर_रिटायर्ड
मग दोष सापडला. लाईट आल्यावर मोटर सुरू होते, मेन लाईन भरायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढा वेळ प्रेशर शून्याच्या जवळ. तिन्ही ब्लॉकना वाटतं, प्रेशर कमी आहे, वाढवा. तिन्हींचं इंटिग्रल ५० हर्ट्झच्या मर्यादेला जाऊन टेकतं. लाईन भरली की जो जोडलेला आहे तो खाली येऊन ४४ वर स्थिरावतो. त्याने प्रेशर दीड किलोवर आणलं की एरर (हवं ते आणि असलेलं प्रेशर यातला फरक) शून्य झाली, म्हणजे बाकी दोघांना खाली यायला काही कारणच उरलं नाही. ते ४७-४८ वर तसेच बसून राहतात. तुम्ही कॉक बंद केले आणि त्यातल्या एकाच्या हातात मोटर दिली.

आमच्याकडे औष्णिक वीज केंद्रात बॉयलरच्या ड्रम लेव्हलला (ड्रममधल्या पाण्याच्या पातळीला) हाच प्रश्न रोजचा असायचा. युनिट लाइटअप होत असताना (बॉयलर पेटवताना) फीडवॉटर (बॉयलरला जाणारं पाणी) एका एलिमेंटवर चालवायचं, म्हणजे फक्त लेव्हल बघून. लोड साधारण तीस टक्क्यांच्या वर गेला की तीन एलिमेंटवर घ्यायचं: लेव्हल, स्टीम फ्लो आणि फीडवॉटर फ्लो. जो कंट्रोलर बाहेर आहे त्याला 'ट्रॅकिंग'वर ठेवायचं. त्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही, चालू असलेल्याचं आउटपुट बघून आपलं इंटिग्रल तेवढंच धरून ठेवायचं. मग बदलाच्या वेळी व्हॉल्व्ह जागचा हलत नाही. नवीन असताना एका पाळीत मी ट्रॅकिंग न बघता ऑटो दाबलं होतं. २१० मेगावॉटच्या युनिटची लेव्हल कशी पडते ते त्या दिवशी पाहिलं, तो घाम अजून आठवतो.

तुम्ही एवढंच करा. बदलाच्या क्षणी नवीन ब्लॉकचं इंटिग्रल = जुन्याचं आउटपुट वजा नवीन केपी (पीआय एररला ज्या आकड्याने गुणतो तो) गुणिले एरर.

भुसावळ_जंक्शन
काकांनी सांगितलं ते रेल्वेत 'चार्ज देणं'. रात्रपाळीचा मास्तर नुसता खुर्चीवरून उठून जात नाही. कोणती गाडी कोणत्या लाईनवर, कुठला ब्लॉक घेतलाय, सगळं रजिस्टरात लिहून देतो, नवीन माणूस सही करतो. तुमचे कंट्रोलर चार्ज न घेताच खुर्चीत बसतायत.

तापीकाठ
काका, काल रात्री तुम्ही सांगितलं तसं केलं. तिन्ही बाजूंनी तपासलं. झटका पूर्ण गेला, एकही नळी निसटली नाही. मनापासून आभार!

पण आता दुसरीच गोष्ट दिसते. एका प्लॉटवरून तिन्ही प्लॉट उघडले की प्रेशर १ किलोपर्यंत पडतं आणि अर्धा मिनिट वर यायचं नावच घेत नाही. कंट्रोलर बरोबर निवडलेला, सेटिंगही बरोबर, तरी एवढा सुस्त का? लांबच्या ओळीतल्या झाडांना तेवढा वेळ पाणीच पोचत नाही.

वांग्याचं_भरीत
आमच्याकडे आठवड्यात चार दिवस रात्रीची लाईट. अर्ध्या मिनिटाचं काय घेऊन बसलात दादा, डीपीवर फेज गेला की अर्धी रात्र जाते :) पण वाचतोय, चालू द्या.

मास्तर_धुळे
हा प्रश्न मला फार जवळचा आहे. कॉलेजात कंट्रोल सिस्टीम शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काकांनी दिलेला उपाय 'बंपलेस ट्रान्सफर' म्हणून सगळीकडे वापरतात आणि तुमचा पहिला दोष त्यानेच जायला हवा होता, तो गेला. पण बंपलेस म्हणजे काय ते बघा. बदलाच्या क्षणी आउटपुट हलत नाही, म्हणजे मोटरला धक्का बसत नाही. आपल्याला काळजी मात्र प्रेशरची आहे, आणि जुनं आउटपुट तर चुकीचंच होतं. म्हणून तर कंट्रोलर बदलावा लागला! चुकीच्या आकड्याला नवीन कंट्रोलर इमानदारीने चिकटून सुरुवात करतो.

तुमच्याच आकड्यांनी हिशोब करू. तिन्ही प्लॉट चालू, १ हर्ट्झला ०.०५ किलो, टाइम कॉन्स्टंट (प्रेशर किती सावकाश बदलतं त्याचं माप) ४ सेकंद धरतो. केपी १० आणि केआय (एररप्रमाणे इंटिग्रल किती वेगाने साचतं तो आकडा) सेकंदाला २ धरतो. बदलाच्या क्षणी ड्राइव्ह ३४ वर आणि प्रेशर १ किलो, म्हणजे एरर अर्धा किलो. बंपलेस हिशोबाने इंटिग्रल येतं ३४ वजा १० गुणिले ०.५, म्हणजे २९. शेवटी त्याला पोचायचंय ४४ ला. पंधरा हर्ट्झ चढायचे आणि चढण्याचा वेग सेकंदाला एक, तोही प्रेशर सुधारत जाईल तसा कमी होत जाणार. दीड किलोच्या ०.०५ जवळ यायला ३१ सेकंद लागतात. तुमचा अर्धा मिनिट तो हाच.

मग इंटिग्रल कितीवरून सुरू करावं? हा प्रश्न नीट मांडता येतो. बदलाच्या क्षणी प्रेशर आपल्या हातात नाही, ते आहे तिथे आहे. इंटिग्रल मात्र पीएलसीतला एक आकडा आहे, तो आपण हवा तो लिहू शकतो. म्हणून पुढच्या सगळ्या वेळातल्या एररच्या वर्गाची बेरीज सगळ्यात कमी येईल असा आकडा निवडायचा. लिनियर सिस्टीमला ही बेरीज लायपुनोव्हच्या समीकरणातून एका पी मॅट्रिक्सने (आकड्यांच्या तक्त्याने) मिळते. सिस्टीमची स्थिती आणि कंट्रोलरची स्थिती यांचा तो वर्गरूप हिशोब असतो, आणि त्यातून कंट्रोलरच्या स्थितीचा उत्तम आकडा सरळ सूत्राने निघतो. मोठ्या सिस्टीमला मॅट्रिक्स आधी कॉम्प्युटरवर काढून ठेवायचा, पीएलसीत बदलाच्या वेळी फक्त एक गुणाकार.

तुमच्या पहिल्या क्रमाच्या मॉडेल अधिक पीआयला तर उत्तर फार देखणं येतं. मॅट्रिक्सचा आडवा भाग (एरर आणि इंटिग्रल यांना जोडणारा) शून्य होतो. म्हणजे इंटिग्रल सरळ अंतिम आकड्यावर ठेवा: तिन्ही प्लॉटला ४४, एका प्लॉटला ३१. बस.

तापीकाठ
सर, एवढं सोपं? म्हणजे प्रत्येक मॉडेलला 'शेवटी किती हर्ट्झ लागतील' हे माहीतच आहे, ते सरळ लिहून टाकायचं?

मास्तर_धुळे
हो. मॉडेल बरोबर निवडलंय असा विश्वास असेल तर त्याच्याकडची माहिती वापरायला संकोच का करायचा? तुम्ही मॉडेलकडून फक्त 'कोण' एवढंच विचारत होतात, 'किती' हे विचारलंच नव्हतं.

शिरपूरची_लेक
सर, एक शंका. मी पुण्यात इन्स्ट्रुमेंटेशन करतेय, चुकत असेन तर सांगा. इंटिग्रल ४४ वरून सुरू झालं आणि शेवटीही ४४ वरच थांबणार. म्हणजे मधल्या सगळ्या एररची बेरीज शून्य यायला हवी. पण एरर सुरुवातीला तर एकाच बाजूला आहे, प्रेशर कमी. मग बेरीज शून्य व्हायला प्रेशरला एकदा दीड किलोच्या वर जावंच लागेल ना?

मास्तर_धुळे
वा! अगदी बरोबर पकडलंत. प्रेशर साधारण ६ सेकंदांत दीडला पोचतं आणि मग १२ व्या सेकंदाच्या आसपास ०.०५ ने वर जाऊन हळूहळू परत येतं. वर्गाची बेरीज कमी ठेवायची म्हटलं की हे येणारच.

ते नको असेल तर दुसरा पर्याय आहे. क्लोज्ड लूपचे (कंट्रोलर जोडलेल्या सिस्टीमचे) दोन वेग आहेत, एक जलद (०.२९) आणि एक संथ (०.०९). सुरुवात अशी करायची की संथ भाग जागाच होणार नाही. त्यासाठी इंटिग्रल अंतिम आकड्यापेक्षा 'केआय भागिले जलद वेग, गुणिले एरर' इतकं मागे ठेवायचं. इथे ते ३.५ हर्ट्झ येतं, म्हणजे ४० च्या थोडं वर. मग प्रेशर एकदाही वर न जाता ८ सेकंदांत ०.०५ च्या आत. ३१ सेकंदांच्या जागी ८, तीच मोटर, तोच पीआय, फक्त सुरुवातीचा एक आकडा वेगळा. नळ्या निसटायची भीती असेल तर मी हाच घेईन.

सातपुडा_पायथा
ड्राइव्हमधला रॅम्प टाइम बघा आधी. कंपनीहून अॅक्सिलरेशन-डिसिलरेशन बरेचदा दहा-वीस सेकंदांवर येतात. पीएलसीने कितीही शहाणा आकडा दिला तरी ड्राइव्ह आपल्या चालीनेच जाणार, आणि मग सरांचा हिशोब कागदावर राहील. उलट एकदम शून्यावरही आणू नका. पीव्हीसी लाईनमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण ४०० मीटरने पळते. ६०० मीटर लाईन असेल तर लाट जाऊन परत यायला ३ सेकंद. त्याच्या आत वेग खाली ओढला तर एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) आपटतो. रॅम्प पाच-सहा सेकंद ठेवा.

तापीकाठ
दादा, १५ सेकंद होता! कधी उघडूनच पाहिलं नव्हतं. लाईन ४०० मीटर आहे, ६ वर आणतो.

पारोळ्याचा_पंकज
माझा प्रश्न जरा वेगळा. आमच्याकडे मार्चनंतर विहीर तळाला जाते. फूटव्हॉल्व्हपाशी पाणी आलं की पंप हवा ओढतो आणि प्रेशर पडतं. तापीकाठ, तुमचा पीएलसी याला 'तिन्ही प्लॉट उघडले' असं समजेल आणि मोटर पळवेल. आता तर एकदम ४४ वर उडी मारायला शिकवलंय त्याला. विहीर दहा मिनिटांनी आटायची ती दोन मिनिटांत आटेल आणि सील जळेल. माझं जळालंय. रिवाइंडिंग आणि सीलचा खर्च ज्याने दिलाय त्यालाच कळतं.

शिरपूरची_लेक
दादांचा मुद्दा खूप महत्त्वाचा आहे. 'सगळ्यात कमी चुकणारं' म्हणजे 'बरोबर' नव्हे. तिन्ही मॉडेलं खूप चुकत असतील तरी त्यातलं एक कमी चुकणारं निघणारच. म्हणून एक वरची मर्यादा हवी: सगळ्यात चांगल्या मॉडेलची चूकही तिच्या वर असेल तर निवड थांबवायची, वेग जिथे आहे तिथून वाढवायचा नाही, आणि ठरावीक वेळात सुधारलं नाही तर ट्रिप (मोटर बंद). मोटरचा करंटही बघा. हवा ओढताना करंट पडतो, प्लॉट उघडल्यावर वाढतो.

मास्तर_धुळे
याला अगदी दुजोरा. १५ नोव्हेंबर १९६७ ला अमेरिकेचं एक्स-१५ विमान पडलं, त्यात पायलट मायकेल अॅडम्स गेले. त्यात स्वतःचं गेन (एररला किती जोराने उत्तर द्यायचं तो आकडा) स्वतः जुळवणारा कंट्रोलर होता. विमान जोराने डोलत होतं, गेन खाली यायला हवं होतं आणि ते वरच अडकून राहिलं. आपल्या सगळ्या गृहीतांबाहेरची स्थिती आली तर काय करायचं, हे आधी लिहून ठेवलेलंच हवं.

खान्देशी मानूस
पंकजभाऊ, करंटनी गोट लय कामनी सांगी ताईनी. लिखी ठेवस.

भुसावळ_जंक्शन
एक विचारतो. कोणी कॉक अर्धवट उघडला तर? एक आणि दोन प्लॉटच्या मधली स्थिती. पीएलसी या दोघांत सारखा इकडून तिकडे करत बसणार नाही का? आणि आता प्रत्येक बदलाला इंटिग्रल उडी मारणार.

मास्तर_धुळे
बसेल, आणि ते नुसतं त्रासदायक नाही, धोक्याचं आहे. दोन कंट्रोलर वेगवेगळे स्थिर असले तरी त्यांच्यात चुकीच्या वेळी पटापट अदलाबदल केली तर सगळी सिस्टीम अस्थिर होऊ शकते. वर्गात हे पहिल्यांदा दाखवतो तेव्हा मुलांना खरं वाटत नाही.

त्याला दोन लगाम आहेत. एक हिस्टेरिसिस: नवीन मॉडेल नुसतं चांगलं असून चालत नाही, चालू मॉडेलपेक्षा ठरावीक टक्के चांगलं हवं. दुसरा ड्वेल टाइम: एकदा बदललं की काही काळ बदलायचं नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मॉर्स यांनी १९९० च्या दशकात देखरेख करणाऱ्या अशा कंट्रोलरचं शास्त्र पक्कं केलं. ड्वेल टाइमची अडचण अशी की चुकीचा कंट्रोलर निवडला गेला तर तेवढा वेळ तो सोसावा लागतो, आणि ट्रान्झियंट (बदलानंतर स्थिर होईपर्यंतचा काळ) तिथेच बिघडतो. १९९९ मध्ये हेस्पान्हा आणि मॉर्स यांनी दाखवलं की प्रत्येक वेळी थांबायची गरज नाही, सरासरीने बदल विरळ असले की पुरे. एखाद-दुसरा बदल पाठोपाठ झाला तर चालतो. तुमच्या कामाला मी हिस्टेरिसिस २० टक्के आणि मिनिटाला चारपेक्षा जास्त बदल नाहीत, असं ठेवीन.

तसंच चूक मोजताना नुसती आत्ताची एरर घेऊ नका आणि सुरुवातीपासूनची बेरीजही नको. आत्ताची एरर, अधिक हळूहळू विसरत जाणारी जुनी बेरीज. विसरण्याचा वेळ दहा सेकंद ठेवून बघा. येलमधलेच नरेंद्र (मूळचे मद्रासचे) आणि बालकृष्णन यांनी १९९४ मध्ये अनेक मॉडेलांनी ट्रान्झियंट सुधारण्याचं काम मांडलं, त्यांच्या कामात मोजमापाचं हेच रूप आहे.

सातपुडा_पायथा
आणि फिल्टर तुंबत गेला तर? ठिबकवाल्याची खरी अनिश्चितता तीच. तापीचं पाणी पावसाळ्यात कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी ३१ हर्ट्झ लागतात, संध्याकाळी ३४. मग सरांनी सांगितलेला 'अंतिम आकडा' संध्याकाळी खोटा ठरतो.

मास्तर_धुळे
खरं आहे. याचंही उत्तर नरेंद्रांच्याच पुढच्या कामात आहे. ठरलेल्या मॉडेलांच्या जोडीला एक शिकणारं मॉडेल ठेवायचं. बदल झाला की ठरलेलं मॉडेल लगेच धावून येतं, शिकणाऱ्याला त्याच्याच आकड्यांवरून सुरुवात करून द्यायची, आणि मग ते बारीक फरक भरून काढतं. पीएलसीवर एवढं जड वाटलं तर सोपं रूप असं: प्रेशर दोन मिनिटं स्थिर राहिलं की त्या वेळचं इंटिग्रल त्या मॉडेलच्या खात्यावर 'अंतिम आकडा' म्हणून लिहून ठेवायचं. पुढच्या वेळी तिथून सुरुवात. फिल्टर धुतला की खाती मूळ आकड्यांवर आणायची.

दीपनगर_रिटायर्ड
चाळीस वर्षं ट्रॅकिंग म्हणजे शेवटचा शब्द मानत आलो. मास्तर, आज नवीन शिकलो. इंटिग्रलचं खातं ही गोष्ट फारच पटली.

वांग्याचं_भरीत
तापीकाठ दादा, झालं की सांगा हो. आमच्या बाबांनाही दाखवायचंय.

तापीकाठ
सहा दिवसांनी परत आलोय. सगळं एकदम नाही केलं, रोज एकेक बदललं.

रॅम्प ६ सेकंद. इंटिग्रलला सरांचा दुसरा पर्याय. हिस्टेरिसिस २० टक्के. तिन्ही मॉडेलं फार चुकली किंवा करंट पडला तर वेग गोठवायचा आणि ४० सेकंदांत ट्रिप (पंकजभाऊ, हे तुमच्यामुळे). प्रत्येक मॉडेलचं खातं स्थिर झाल्यावर लिहिलं जातं.

एकावरून तिन्हीवर जाताना प्रेशर आताही १ किलोपर्यंत पडतं, ओळखायला लागणाऱ्या तीन-चार सेकंदांत ते पडणारच. पण तिथून १२-१३ सेकंदांत दीडला येतं. हिशोबातले ८ नाही आले, रॅम्प मध्ये आहे. तिन्हीवरून एकावर येताना आधी २.९ जायचं, आता १.९ च्या वर गेलेलं नाही. १.९ सुद्धा बदलाच्या आधीचंच आहे, कॉक बंद होताना चढलेलं. बदल झाला की सुई सरळ खाली येते.

परवा मुद्दाम वडिलांना काही न सांगता सबमेनपाशी उभा राहिलो. त्यांनी दोन कॉक बंद केले आणि सवयीने टॉर्च हातात घेऊन नळ्यांकडे निघाले. अख्खी ओळ चालत गेले, वाकून वाकून प्रत्येक ग्रोमेटवर उजेड टाकला. ओळीच्या टोकाला जाऊन ओरडले, "कारे भो, आज मोटर बंद करी टाकली का?"

चालूच होती.

आता एक राहिलंय. दोन प्लॉटचं खातं अजून नीट भरत नाही, कारण दोन प्लॉट फार वेळ एकत्र चालतच नाहीत, दोन मिनिटं स्थिर व्हायच्या आत कोणीतरी तिसरा कॉक उघडतं. स्थिर धरायची वेळ एक मिनिट केली तर चालेल का, सर?

मास्तर_धुळे
चालेल. पण थेट लिहू नका. जुना आकडा तीन भाग आणि नवीन एक भाग अशी सरासरी घ्या, म्हणजे एखाद्या वेळी घाईत चुकीचा आकडा आला तरी खातं बिघडणार नाही.

शिरपूरची_लेक
आणि बदलाच्या वेळचे प्रेशरचे आकडे दर अर्ध्या सेकंदाला साठवून ठेवले असतील तर इथे टाका ना. मला त्यावरून टाइम कॉन्स्टंट काढून बघायचाय, तिन्ही प्लॉटला तो ४ सेकंदच आहे का ते.

तापीकाठ
टाकतो ताई, आज रात्रीची लाईट आहे. बारा वाजता येते.